गोल शिक्का आणि तिसरी नक्कल

रामराव भोयर यांना आयुष्यात दोनच गोष्टींची पक्की खात्री होती. ज्या कागदावर जावक क्रमांक नाही तो कागद कागदच नव्हे, ही एक. आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर शाळेचा उंबरा ओलांडत नाही, ही दुसरी. उरलेल्या सगळ्या जगाबद्दल त्यांच्या मनात गोंधळ होता आणि तो त्यांनी कधी कुणापासून लपवला नाही. ‘मले समजलं नाई, पुन्हा सांगा’ हे वाक्य इतक्या निर्मळपणे म्हणणारा दुसरा बाबू अख्ख्या वाशीम जिल्ह्यात शोधून सापडला नसता.

मंगरूळपीरहून बसने अर्ध्या तासावर त्यांची शाळा. एकतीस वर्षं ते तिथे लिपिक होते. चार मुख्याध्यापक आले नि गेले, पाचव्या स्नेहा मॅडम वाशीमहून रोज बसने येत होत्या. शाळेचं छत दोनदा बदललं, पण खिडकीजवळचं रामरावांचं टेबल तसूभर हललं नाही. टेबलाच्या उजव्या हाताला लोखंडी कपाट होतं आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, लाल फडक्यात बांधलेलं, सन अठ्ठेचाळीस ते एकसष्टचं दाखल-खारीज रजिस्टर.

त्या रजिस्टराची किंमत मास्तरांपेक्षा आजूबाजूच्या तांड्यांना जास्त ठाऊक होती. पोरगं बारावी झालं, कॉलेजात नाव लागलं, की जात पडताळणी समिती विचारते, एकसष्टच्या आधीचा पुरावा दाखवा. तांड्यातल्या माणसाकडे तेवढा जुना कागद कुठून असणार? पण आजा किंवा चुलत आजा दोन-चार वर्षं या शाळेत येऊन गेलेला असला, तर त्याचं नाव, बापाचं नाव आणि जात त्या रजिस्टरात निळ्या-काळ्या शाईत लिहिलेली असायची. त्या एका ओळीवर नातवांचे प्रवेश व्हायचे. रामरावांनी अशा किती ओळींचे उतारे काढून दिले त्याला गणती नाही, आणि दर वेळी माणूस पाया पडायला वाकला की ते घाबरून मागे सरायचे.

यंदा जूनमध्ये शाळा उघडली आणि रामरावांनी खालचा खण ओढला. लाल फडकं जागेवर होतं. उचललं तर हलकं लागलं. गाठ सोडली, आणि आतून माती सांडली. उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंतीतून वाळवी आली होती आणि तेरा वर्षांतली पोरं पुठ्ठ्यासकट खाऊन गेली होती.

रामराव तिथेच फरशीवर बसले. पाणी प्यायला दिलं तर पेला हातात धरून राहिले. मग कुणीतरी आठवण करून दिली की दोन वर्षांपूर्वी सगळी जुनी रजिस्टरं स्कॅन झाली होती आणि ती पानं ऑफिसातल्या सर्व्हरमध्ये आहेत. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावरचा काळा डबा. त्याच्याकडे रामरावांनी आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून ते येता-जाता त्याच्याकडे पाहू लागले आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. कारण आता त्या एका डब्याशिवाय ती पानं जगात कुठेच नव्हती.

“रामराव, याचा बॅकअप ठरवून टाका,” स्नेहा मॅडम म्हणाल्या. “पद्धतशीर लिहून आणा, मी सही करते.”

पद्धतशीर हा शब्द ऐकून रामरावांना धीर आला. तो धीर मंगरूळपीरचा धम्मरत्न येईपर्यंत टिकला. धम्मरत्नचं तिथे संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, सर्व्हर त्यानेच बसवला होता. मुलगा हुशार, पण बोलायला लागला की समोरच्याला सगळं आधीच ठाऊक आहे असं धरून चालायचा. शिकलेल्या माणसांची ही खोड काही केल्या जात नाही.

“सोपं हाय काका. तीन-दोन-एक. तीन नक्कला, दोन प्रकारच्या जागी, एक शाळेच्या बाहेर.”

रामरावांनी बोटांवर मोजलं. “म्हंजे सहा.”

“सहा नाई, तीनच.”

“मंग दोन अन् एक कुठून आले?”

“त्या तिनातलेच ना काका.”

“मले समजलं नाई, पुन्हा सांग.”

धम्मरत्नने पुन्हा सांगितलं. सर्व्हरमधली एक, ती पहिली. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यायची, तिच्यात दुसरी. तशीच आणखी एक डिस्क, ती तिसरी. ती शाळेत ठेवायची नाही. पहिल्यांदा सगळं उतरवायचं आणि मग दर शनिवारी फक्त जे बदललं तेवढंच.

इथे रामराव पुरते अडकले. “अठ्ठावनचं पान तं बदलतच नाई.”

“बरोबर.”

“मंग त्याची पाळी कधी येईन?”

“पहिल्या खेपेलेच आलं ना ते.”

“अन् त्याच्यानंतर कधीच नाई?”

“काका, काहून भेजा फ्राय करून राह्यले!” धम्मरत्न हसत म्हणाला. पण रामरावांना हसू आलं नाही. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमकं तेच पुन्हा कधी उतरवायचं नाही, ही कुठली पद्धत? त्यांनी ती मनातल्या मनात नामंजूर केली आणि दर शनिवारी सगळंच्या सगळं उतरवायचं ठरवलं.

दोन डिस्का आल्या. तळहाताएवढ्या, काळ्या. रामरावांनी विचारलं, यातली मूळ कोणती आणि नक्कल कोणती? धम्मरत्न म्हणाला, सगळ्या सारख्याच. हे तर फारच झालं. एकतीस वर्षं रामरावांनी कागदाच्या कोपऱ्यात ‘सत्यप्रत’ लिहून सही केली होती. मूळ आणि नक्कल यांत फरकच नाही तर सही कुठे करायची? शेवटी त्यांनी दोन्ही डिस्कांवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, ‘सत्यप्रत’ लिहिलं, सही केली आणि वर शाळेचा गोल शिक्का मारला. मग कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

एक डिस्क कपाटाच्या वरच्या खणात गेली. दुसरी बाहेर ठेवायची होती, आणि पंधरा दिवस झाले तरी ती टेबलावरच पडून होती. नव्या नोंदवहीत त्यांनी रकाने आखले होते. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, जागा. आपल्या घरी न्यावी तर देणाराही मीच आणि घेणाराही मीच. दोन्ही रकान्यांत एकाच माणसाची सही कोण मान्य करणार? धम्मरत्नच्या दुकानात ठेवावी तर तिथे असल्या शंभर डिस्का टोपलीत पडलेल्या. मॅडमची बदली कधी होईल याचा नेम नाही. रामराव रोज डिस्क ड्रॉवरमध्ये ठेवायचे, रोज बाहेर काढायचे, आणि ती शाळेच्या बाहेर काही जात नव्हती.

अशात एके दुपारी लिंबतांड्याची गोमतीबाई आली. वय सत्तरीचं, पाठ ताठ, पाय अनवाणी. तिचा नवरा हरिसिंग याच शाळेत कधीकाळी येऊन गेला होता. त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. मुलगा विनोद आणि सून दर वर्षी दसरा झाला की उसाच्या तोडीला जायची, आणि त्यांची भाकरी थापायला गोमतीबाई सोबत जायची. नात निता यंदा बारावी झाली. तांड्यातली नर्सिंगच्या कॉलेजात नाव लागलेली ती पहिली पोरगी. वाशीमला तात्पुरता प्रवेश मिळाला होता, पण पडताळणीचा कागद वेळेत नाही दिला तर तो रद्द होणार होता.

“बाबू, रजिस्टर उधईनं खाल्लं म्हणतेत,” ती दारातूनच म्हणाली. “माह्या मालकाचं नाव गेलं काय?”

रामरावांनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि पडद्यावर पान उघडून दाखवलं. नाव होतं. तिला वाचता येत नव्हतं. रामरावांच्या बोटाकडे आणि त्या निळसर अक्षरांकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

“याले उधई लागन काय?”

“याले नाई लागत. पन हा डब्बा बिघडला तं गेलं, म्हणून याच्या नक्कला केल्या हाय माय. एक बाहेर ठेवा लागते. कोनापाशी ठेवू तेच समजून नाई राह्यलं.”

गोमतीबाईने टेबलावरच्या डिस्ककडे पाहिलं. “माह्या मालकाचं नाव याच्यात हाय?”

“हाय.”

“मंग दे माह्याजवळ.”

नियमात हे कुठे बसतं ते रामरावांनी आठवून पाहिलं. बसत नाही असंही कुठे आठवेना. घेणारी व्यक्ती देणाऱ्यापेक्षा वेगळी, जागा शाळेबाहेर, आणि या बाईइतकी त्या पानाची गरज दुसऱ्या कुणाला होती? त्यांनी नोंदवही पुढे केली, तिचा अंगठा घेतला आणि जागेच्या रकान्यात ‘लिंबतांडा’ लिहिलं. मग एकदम त्यांना धास्ती वाटली.

“माय, हे कोनालेच द्याचं नाई. शाळेचा गोल शिक्का मारलेला कागद आला तरच द्याचं. म्या सोता येऊन मांगितलं तरी कागदाबिगर देऊ नको.”

“तुले बी नाई?”

“मले बी नाई.” आणि त्यांनी कोऱ्या कागदावर शिक्का मारून तिला नमुना दिला. शिक्क्याच्या मधोमध दिवा होता आणि दिव्याच्या खाली रबर जरासा तुटलेला होता. गोमतीबाईने त्या तुटलेल्या जागेवर बोट फिरवलं, कागद चौघडी करून कनवटीला लावला आणि ती गेली.

विनोदला किंवा निताला यातलं काही ठाऊक नव्हतं. कुणाला सांगायचं नाही असं रामराव म्हणाले नव्हते. पण कुणाला द्यायचं नाही म्हणजे सांगायचंही नाही, हे गोमतीबाईने आपणहून ताडलं.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊनपुसून पाटावर मांडायची आणि पूजा करायची. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला एक दिवस हळदकुंकू लावून आराम द्यायचा. एकदा पाटावर मांडलं की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. शाळेच्या ऑफिसात हे काम रामरावांचं. पेनं, कात्री, स्टेपलर, शाईचं पॅड, गोल शिक्का, सगळं पाटावर आणि त्यांच्या मधोमध जुना टाइपरायटर. पूजा झाली की ते नारळ फोडायचे आणि थोडं पाणी टाइपरायटरवर सोडायचे. एकतीस वर्षं सोडलं. टाइपरायटरचं कधी काही बिघडलं नाही.

यंदा टाइपरायटर नव्हता. उन्हाळ्यात निर्लेखनात भंगारात गेला. मानाच्या जागेवर कोणाला बसवायचं हा प्रश्न रामरावांना पडला नाही, कारण जूनपासून त्यांचा सगळा जीव त्या काळ्या डब्यातच होता. सर्व्हर बंद करून त्यांनी पाटाजवळ आणला. कपाटातली डिस्क त्याच्यापुढे ठेवली. आणि मग त्यांना चुटपूट लागली. एकाच दिवशी विकत घेतलेली दोन यंत्रं. एकाची पूजा होणार आणि दुसरं तांड्यात तसंच राहणार? हे काही त्यांच्या मनाला पटेना. बाकीची मांडामांड शिपायावर सोपवून त्यांनी मोपेड काढली आणि लिंबतांडा गाठला.

गोमतीबाई दारात बसून विळा घासत होती.

“माय, ते यंत्र दे बरं. पूजा करतो अन् परवा आणून देतो.”

तिने विळा बाजूला ठेवला. “कागद?”

“अवं माय, मी सोता आलो ना!”

“तूच सांगतलं, तू आला तरी नाई.”

रामरावांनी समजावलं. हे पूजेचं काम आहे, यात कसला कागद? गोमतीबाई शांतपणे ऐकत होती आणि मान हलवत होती. रामरावांना राग आला. मग राग कशाचा आला तेच कळेना, कारण ती त्यांचाच नियम त्यांना सांगत होती. तिचं बरोबर होतं आणि तरी आपलंही बरोबर आहे असं त्यांना वाटत होतं. दोन्ही बरोबर असलं तर चूक कोणाची, हे त्यांना परतीच्या सगळ्या वाटेवर सुटलं नाही.

शाळेत आल्या आल्या त्यांनी कागद घेतला, मजकूर लिहिला, जावक क्रमांक टाकला आणि शिक्का घ्यायला हात पुढे केला. शिक्का पाटावर होता. हळदकुंकू लागलं होतं, वर झेंडूचं फूल होतं.

“रामराव!” स्नेहा मॅडम म्हणाल्या. “पूजेतला शिक्का कसा उचलता?”

खरंच कसा उचलणार? शिक्क्याशिवाय डिस्क येत नाही आणि नवमीला शिक्का उठत नाही. रामरावांनी कागद घडी करून खिशात घातला. तांड्यातल्या डिस्कची मनातल्या मनात माफी मागितली. नारळ फोडला. आणि एकतीस वर्षांच्या सवयीने, अगदी मनापासून, थोडं पाणी सर्व्हरच्या वरच्या जाळीवर आणि थोडं समोरच्या डिस्कवर सोडलं.

दसऱ्याची सुट्टी गेली. शुक्रवारी सकाळी निता शाळेत आली. समितीने तिला सोमवारी बोलावलं होतं. पूर्वी दिलेला उतारा होता, पण त्यांना आता मूळ पान जसं आहे तसं पाहायचं होतं. मंगळवारीच तिने फोन केला होता. रामराव म्हणाले होते, नवमी होऊ दे, शुक्रवारी ये, पाच मिनिटांचं काम आहे.

रामरावांनी सर्व्हरचं बटण दाबलं. आत काहीतरी तडकलं आणि जळका वास आला. त्यांनी बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. आता आवाजही आला नाही. ते निताकडे पाहून उगाच हसले, म्हणाले डिस्क आहे ना, आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली. निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

फोन केल्यावर धम्मरत्न आपली जुनी व्हॅन घेऊन तासाभरात आला. त्याने डबा उघडला, आत बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

“काका, नारळ?”

“व्हय. दरसालचाच.”

“दरसाल? याच्यावर?”

“नाई. टाइपरायटरवर.”

धम्मरत्नने डबा बाजूला सारला. त्याने डिस्क खोलली, तिच्याही तोंडाशी चिकट डाग होता. पुण्याला पाठवावं लागेल, तो म्हणाला, दोन महिने लागतील आणि निघेलच असं नाही. निता दाराला टेकून ऐकत होती. ती रडली नाही. फक्त हातातली प्लास्टिकची फाइल तिने छातीशी धरली आणि विचारलं, “काका, सोमवारी मी काय दाखवू?”

ते ऐकून रामरावांना जमीन दुभंगावी असं झालं. वाळवीचं एक वेळ ठीक, तिला अक्कल नसते. इथे ज्याने जिवापाड जपायचं त्यानेच हळदकुंकू लावून बुडवलं होतं. भक्तीने केलं होतं हो. भक्तीने केलेलं असं अंगावर का उलटलं, हे त्यांना समजेना, आणि या वेळी ‘पुन्हा सांगा’ म्हणायलाही समोर कुणी नव्हतं.

“तिसरी कुठं हाय?” धम्मरत्नने विचारलं.

रामराव ताडकन उठले. “तांड्यात! गोमतीमायपाशी!”

“आजीपाशी?” निता म्हणाली. “आजी तर आज निघाली. सगळे सकाळीच जऊळक्याला गेले. स्टेशनासमोरून दोन वाजता मुकादमाचा ट्रक आहे.”

पावणेबारा झाले होते. तिने विनोदला फोन लावला. पलीकडून गलका ऐकू आला, मग विनोदचा आवाज, मग त्याने आईला विचारलेलं ऐकू आलं. शाळेचं काही यंत्र तुझ्याकडे आहे का? आणि गोमतीबाईचं उत्तर स्पष्ट ऐकू आलं.

“माह्यापाशी काईच नाई.”

निताने फोन खाली घेतला. धम्मरत्न म्हणाला, संपलं. पण रामराव टेबलाशी गेले होते. छापत बसायला वेळ नव्हता म्हणून हातानेच लिहीत होते. प्रति, श्रीमती गोमतीबाई हरिसिंग. विषय, संदर्भ, जावक क्रमांक.

“काका, ट्रक जाईन! कागद कायले लिवून राह्यले?”

“त्याच्याबिगर गोमतीमाय सांगनार बी नाई,” रामराव म्हणाले, आणि कागदावर गोल शिक्का जोरात दाबला. नोंदवही काखेत मारली, शाईचं पॅड खिशात घातलं आणि ते व्हॅनमध्ये बसले.

वाटेत सोयाबीन काढायला आलेली शेतं मागे जात होती. रामरावांच्या मनात नको ते येत होतं. खरंच तिच्याकडे नसेल तर? घरी कुठे कोनाड्यात राहिली असेल, चुलीजवळ असेल, कुणी पोराने खेळायला घेतली असेल? आणि असली तरी तिनेही नवमी केलीच असेल की!

जऊळक्याला स्टेशनासमोर ट्रक उभा होता. माणसं गाठोडी, पातेली, कोंबड्यांच्या टोपल्या वर चढवत होती. गोमतीबाई एका पत्र्याच्या पेटीवर बसली होती. रामराव धापा टाकत पुढे गेले आणि त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिने तो उलगडला, उन्हात धरला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. दिवा पाहिला. दिव्याखालची तुटकी जागा शोधली. मग कनवटीचा चौघडी कागद काढून शेजारी धरला आणि दोन्ही पुन्हा पाहिले. मुकादम ओरडत होता. तिने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

“निता, वाच.”

निताने अख्खा कागद वाचून दाखवला, जावक क्रमांकासकट. मग गोमतीबाई उठली, पेटी उघडली आणि तळातून स्टीलचा एक घट्ट झाकणाचा डबा काढला. डब्यात रेशनकार्ड होतं, आधार होतं, हरिसिंगचा चष्मा होता आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डिस्क. डब्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट होतं.

“नवमीची पूजा केली?” रामरावांनी भीत भीत विचारलं.

“केली ना. कोयत्यासंगं. झाकन लावून.”

मग रामरावांनी तिला नवमीचं सगळं सांगितलं, शिक्का पाटावर होता म्हणून कागद निघाला नाही तेही आणि शाळेतल्या यंत्रांवर सोडलेलं नारळाचं पाणीही.

धम्मरत्नने व्हॅनच्या बोनेटवर लॅपटॉप ठेवला आणि डिस्क जोडली. निळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. रामरावांनी पान शोधलं. अठ्ठावन साल, ओळ एकशे बारा. निता वाचू लागली. “हरिसिंग. वय वर्षे सात. जात, बंजारा. दाखल, जुलै अठ्ठावन. शाळा सोडल्याचं कारण...” ती थांबली. मग हळू आवाजात तिने पुढचं वाचलं. “आईबाप कामासाठी परगावी गेले, सोबत गेला.”

मागे ट्रकमध्ये कुणीतरी शेवटचं गाठोडं चढवत होतं. गोमतीबाई पडद्याकडे पाहत राहिली.

“तो तं सांगे, मले शाळा आवडे नाई म्हणून सोडली,” ती म्हणाली. “जिनगीभर तेच सांगे.”

रामरावांनी या ओळीचा उतारा काढून दिला होता, पण नाव आणि जात तेवढीच लिहून. शेवटचा रकाना त्यांनी कधी वाचलाच नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी सरळ शर्टाच्या बाहीने पुसले. निताने आजीचा हात धरला होता. निताचं गाठोडं ट्रकमध्ये नव्हतं. ती सोमवारी वाशीमला राहणार होती.

धम्मरत्नने सगळी पानं लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि डिस्क काढली. रामरावांनी ती घ्यायला हात पुढे केला. पण गोमतीबाईने ती आधीच उचलली होती. पिशवीत गुंडाळली, चष्म्याच्या शेजारी ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

“पान भेटलं ना? मंग हे माह्यापाशीच राहू दे. तुमी लोक पानी टाकता.”

रामरावांनी नोंदवही बोनेटवर उघडली. जागेच्या रकान्यातलं ‘लिंबतांडा’ त्यांनी एका रेघेने खोडलं, बाजूला छोटी सही केली आणि लिहिलं, ‘गोमतीबाई असतील तिथे’. मग शाईचं पॅड पुढे धरलं. तिने अंगठा टेकवला, लुगड्याला पुसला आणि विनोदचा हात धरून ट्रकमध्ये चढली. वरून तिने हाक मारली.

“बाबू, पुढल्या नवमीले बी शिक्का पाटावर ठेवजो.”

“समजलं, माय,” रामराव म्हणाले.